निळी खिडकी

“पण बाई, तो निळा नेमका कोणता?”

प्रोफेसर हालवोर्सन यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. शेगडीवर कॉफी उतू जात होती, राग्नाबाई तिकडे बघत राहिल्या.

नॉर्वेच्या उत्तरेचं एक बेट. बाई चित्रकार, चौऱ्याऐंशीच्या. रंग म्हटला की देशभर त्यांचंच नाव घेतात. प्रोफेसर त्या नावावर जगणारे. कला अकादमीत तीस वर्षं बाईंचं एकच चित्र शिकवून पेन्शनीला आलेले. नारिंगी भिंत, आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढी निळी खिडकी. त्या खिडकीवर आता चारशे पानांचं पुस्तक, पुढच्या आठवड्यात छपाईला. रंगाचं नाव तेवढं अडलं होतं.

“कोबाल्ट लिहू?”

“लिही.”

“म्हणजे कोबाल्टच ना?”

“मला काय विचारतोस? पुस्तक तुझं.”

“बाई, थट्टा नको. तीस वर्षं घातलीत मी त्या निळ्यात.”

“मग घेऊनच जा.”

बाई उठल्या. चित्र कुणाला विकलेलं नव्हतं, समोरच भिंतीवर होतं. त्यांनी मासे चिरायची सुरी घेतली आणि खिडकी चारी बाजूंनी कापून काढली. मुळ्याची चकती कापावी इतक्या सहज.

प्रोफेसरांचं तोंड नुसतं उघडं.

बाईंनी तो तुकडा त्यांच्या हस्तलिखिताच्या पांढऱ्या पानावर ठेवला.

राखाडी. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. नारिंगीतून बाहेर आला आणि निळा संपला.

“हा तो नव्हे.”

“तोच. रोज रंग कालवायची पॅलेट खरवडते, उरलेला सगळा गाळ डब्यात टाकते. त्यातला आहे.”

प्रोफेसरांनी तुकडा उचलून भोकावर धरला. निळा. पानावर ठेवला. राखाडी. पुन्हा धरला… तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला एकदा बघून पटत नाही.

मग ते स्टुलावर बसले.

“एका मुलीने परीक्षेच्या पेपरात लिहिलं होतं,” ते म्हणाले. “या चित्रात निळा नाहीच, राखाडी आहे. बाजूचा नारिंगी हाताने झाकून बघा म्हणे.”

“मग? झाकलास?”

“नापास केली. वर वर्गात वाचूनही दाखवलं. सगळे हसले. ती परत आलीच नाही.”

“काय करते आता?”

“कुठल्याशा बंदरात बोटी रंगवते, असं ऐकलं.” प्रोफेसर पानावरच्या तुकड्याकडे बघत होते. “बाई… मी तिला आता काय सांगू?”

बाईंनी सुरी पदराला पुसावी तशी झग्याला पुसली.

“तू काही सांगू नकोस. तिला इकडे पाठव. भोक बुजवायचंय.”