घाटातल्या दोन बोलक्या गाड्या

"पण बाबा, दोन्ही गाड्या एकमेकींशी बोलत होत्या. मग अडकल्या कशा?"

लतीफबाबांच्या खोपटात बसून इंजिनिअर श्रीरंग कुंटे घाम पुसत होता. बाबा दाराबाहेर चुलीपाशी चहा उकळत होते. फकिरी घेण्याआधी तीस वर्षं त्यांनी याच घाटात ट्रक हाकला होता.

"काय बोलत होत्या?"

"ट्रक म्हणाला, मी येतोय. जीप म्हणाली, मी येतेय. बिनतारी! सेकंदाला दहा वेळा!" त्याची मान आपोआप ताठ झाली. गाड्यांना बोलतं करून त्यांचं चाक-ब्रेक स्वतःच सांभाळणारी पेटी त्यानंच बनवली होती.

"मग?"

"मग... दोघींनी ब्रेक लावले."

"शहाण्या हायेत की."

"तास झाला, बाबा!"

खाली अरुंद वळणावर वाळूच्या पोत्यांनी भरलेला ट्रक चढणीला आणि रिकामी जीप उताराला, नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मागे वऱ्हाडाची बस खोळंबली होती. नवरदेव मुंडावळ्यांसकट खाली उतरून श्रीरंगच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. पेटी उपटली की गाड्या सुटल्या असत्या, पण चाचणी नापास. अर्ध्या तासात मोठे साहेब पाहायला येणार होते. तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, या विचारानं श्रीरंगला रडूच यायचं बाकी होतं.

"एकीला मागं घे म्हणावं."

"कुणाला? मी दोघींना समान हक्क दिलाय."

बाबांनी चहा दोन पेल्यांत ओतला.

तेवढ्यात खालून हॉर्नचा गिल्ला झाला. श्रीरंग बाहेर पडायला धावला. दारातच बाबा आडवे आले, दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन.

"बाबा, मी येतोय!"

"मी येतोय," बाबा म्हणाले.

"अहो, मला बाहेर जायचंय!"

"मी येतोय."

"ऐकलं हो! पण मीही येतोय!"

"मी येतोय."

दार एका माणसापुरतं. म्हाताऱ्याला ढकलणार कसं? श्रीरंग चडफडत दोन पावलं मागे सरला. बाबा सावकाश आत येऊन बसले.

श्रीरंगनं मोकळ्या झालेल्या दाराकडे पाहिलं.

मग त्यानं झडप घालून लॅपटॉप उघडला. एकानं मागे सरायचं! एवढंच तर पेटीला शिकवायचं राहिलं होतं. बोटं भराभर चालली, आणि मध्येच थांबली.

"पण बाबा, मीच का? तुम्ही का नाही सरलात?"

बाबांनी काठोकाठ भरलेला पेला त्याच्यापुढे सरकवला.

"माझ्या हातात चहा होता."