राणीसाठी पद्मक

पूर्वी काशीनगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माळ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव मंदारक. राजाची राणी उत्पला हिमालयाच्या पायथ्याकडची. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वसंतात तिने अंथरूण धरले. अन्न पाहिले की ती तोंड फिरवी. वैद्यांनी हात टेकले. एकदा ती एवढेच म्हणाली, की माहेरच्या घरामागच्या पद्मकाच्या झाडाची आंबटतुरट फळे खावीशी वाटतात.

राजाचा तिच्यावर फार जीव. त्याने मंदारकाला ते झाडच मुळासकट आणायला सांगितले. आणले तर एक गाव इनाम, नाही तर देशाबाहेर व्हायचे.

वीस माणसे आणि बैलगाडी घेऊन मंदारक डोंगरात पोहोचला. पद्मक लाल फळांनी लगडला होता. फांद्यांवर बुलबुल होते आणि खाली एक म्हातारी फळे वेचत होती. ती राणीची आई, सोमा. कुदळी पाहूनही ती झाडाबद्दल बोलली नाही. लेक जेवते का, झोपते का, तिचे केस कोण विंचरते, हेच विचारत राहिली.

मंदारकाने बुंध्याजवळची माती उकरून पाहिली. मुळे कातळाच्या भेगांत गेली होती. ती तोडली तर झाड वाटेतच वाळणार. इनामाचा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. घरी पाच खाणारी तोंडे होती. पण त्याने गाडीत गवत पसरले आणि म्हातारीला त्यावर बसवले. तिने सोबत वाळवलेल्या फळांची पुरचुंडी घेतली.

गाडी काशीला परतली तेव्हा राजा संतापला. झाड कुठे आहे, असे त्याने विचारले.

"झाड उपटून आणले असते, तर इथे नुसते लाकूड पोहोचले असते," मंदारक म्हणाला. "महाराज, मला काय ती शिक्षा करा. आधी या माउलीला आत जाऊ द्या."

सोमा आत जाऊन उशाशी बसली. तिने एक फळ लेकीच्या तोंडात घातले.

"किती उशीर केलास, आई," राणी म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. मग तिने पेज मागितली.

राजा दाराशी उभा होता. बाहेर येऊन तो मंदारकाला म्हणाला, "तिला खरे काय हवे आहे, हे मी विचारलेच नाही." त्या वर्षापासून राणी दर वसंतात माहेरी जाऊ लागली, आणि तिची गाडी मंदारक हाकी.

ही हकिगत सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उदायी, सोमा म्हणजे महाप्रजापती गौतमी, उत्पला म्हणजे यशोधरा, आणि तो माळी मीच होतो. दुसऱ्याच्या मनातले दुःख जाणून घेणे, ही त्या जन्मी मी पूर्णत्वाला नेलेली मैत्री-पारमिता."