कोंडाक्काची पांढरी रेघ

फार वर्षांपूर्वी, लांडगदऱ्याच्या माळावर चुन्याच्या भट्ट्या पेटत होत्या त्या काळातली ही गोष्ट. गाव मेंढपाळांचं. गावामागं डोंगर, डोंगरात लांडगे, आणि लांडगे नि मेंढरं यांच्यामध्ये फक्त कुत्री. त्यामुळे कुत्रीला पिल्लं झाली की घरातली सून बाळंत झाल्यासारखी सगळ्यांची लगबग व्हायची.

गावाबाहेर एका विझलेल्या भट्टीशेजारी कोंडाक्का राहायची. चुना भाजणाऱ्या लोणाऱ्याची ती बायको. नवरा गेला, भट्टी थंड झाली, पण ती काही तिथून हलली नाही. टाकून दिलेली, चुकलेली, आई मेलेली पिल्लं ती उचलून आणायची आणि भट्टीच्या, उन्हानं तापणाऱ्या दगडी पोटात वाढवायची. मोठी झाली की ज्याला हवं त्याला द्यायची. तिला एकच खोड होती. कुठलीही गोष्ट दिसली की विचारायची, "असं का?" पाऊस डोंगरापलीकडेच का पडतो, मेंढी एकीमागं एक का चालते, विस्तव विझला तरी दगड गरम का राहतो. लोक तिला हसायचे, पण पिल्लू आजारी पडलं की तिच्याकडेच धावायचे.

एका उन्हाळ्यात व्यापाऱ्यांचे बैल गावावरून गेले आणि वाटेत एक पिल्लू मागं राहिलं. त्याचे डोळे चिपडांनी मिटलेले, नाक वाहत होतं. कोंडाक्कानं ते पदरात घेतलं, पदरानंच त्याचं नाक पुसलं. पिल्लू जगलं नाही.

त्यानंतर गावात साथ शिरली. आधी नाक वाहायचं, मग पिल्लू अन्न टाकायचं, ओकायचं, मग पाय झटकायला लागायचं आणि पडायचं ते पडायचंच. घराघरातून कोंडाक्काला बोलावणं यायचं. ती उजाडल्यापासून पेजेचं मडकं घेऊन फिरायची. या घरातलं पिल्लू मांडीवर घ्यायची, त्याचे डोळे पुसायची, पेज थेंब थेंब पाजायची, आणि पुढच्या घरी जायची. ती जेवढी फिरली तेवढी साथ वाढली, असं म्हणतात.

ओढ्यापलीकडे एकच घर होतं, भिवराचं. भिवराच्या जिभेला धार होती. कोंडाक्काच्या साळी नावाच्या कुत्रीनं तिची अंडी घालणारी कोंबडी खाल्ली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. "माझ्या दारात पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन," असं भिवरानं तिला सगळ्यांदेखत सांगितलं होतं. आणि नवल असं की सगळ्या गावात भिवराचीच सगळी पिल्लं धडधाकट होती. एकमेकांचे कान ओढत अंगणभर हुंदडत होती.

लोकांच्या मनात काळंबेरं यायला वेळ लागला नाही. भिवरानं करणी केली, असं आधी कुजबुजत आणि मग उघड बोलू लागले. एक दिवस भर दुपारी सगळे चावडीपुढं जमले. भिवराला धरून आणलं. धुळा कारभारी गावातला मोठा माणूस. त्याच्या मेंढवाड्यातली सगळी पिल्लं गेली होती, आणि आदल्याच दिवशी लांडग्यानं त्याची कोकरं नेली होती.

"हिला गावातनं काढायची," तो म्हणाला. "कोंडाक्का, तुझं नि हिचं तर हाडवैर. तूच सांग, हिचीच पिल्लं कशी वाचली?"

हाच प्रश्न कोंडाक्कालाही कधीपासून टोचत होता. भिवराची कुत्री त्याच ओढ्याचं पाणी पीत होती. तीच भाकरी खात होती. वारा तोच, ऊनही तेच. मग त्या अंगणात काय गेलं नव्हतं? तिनं खाली पाहिलं. तिचा पदर वाळलेल्या शेंबडानं नि पेजेनं कडक झाला होता.

"करणी न्हाई, कारभारी," ती म्हणाली. "तिच्या दारात एकच गोष्ट पोचली न्हाई. मी."

कुणाला काही कळेना.

"वाटेवरच्या त्या पिल्लाचं नाक मी ह्या पदरानं पुसलं. ह्याच पदरानं तुमच्या पिल्लांची बी पुसली. आजार माझ्या पदराला धरून घरोघर फिरला. हिनं मला हाकललं, म्हणून हिची वाचली. सोडा तिला."

धुळानं कपाळाला हात लावला. भिवराला काय बोलावं ते सुचेना, आणि असं तिच्या जन्मात पहिल्यांदाच झालं, असं म्हणतात.

"मग आता तुला घालवायची व्हय?" धुळा हळूच म्हणाला.

"घालवायला कशाला पायजे? मी भट्टीत जाऊन बसते. आजारी पिल्लं तेवढी माझ्याकडं धाडा. आणि बरी हायेत ती भिवराच्या अंगणात न्या. सोडल्यावर तिथं कुणी पाऊल टाकू नका."

कोंडाक्कानं नवऱ्याच्या वेळचा उरलेला चुना काढला आणि भट्टीच्या तोंडापुढं जाड पांढरी रेघ ओढली. पिल्लू आणणाऱ्यानं ते रेघेवर ठेवायचं, चुन्यात पाय घोळायचे, घरी जाऊन अंगावरचे कपडे उकळायचे आणि मगच आपल्या जनावराला हात लावायचा. पेज रेघेलगतच्या दगडावर ठेवायची आणि मडकं परत न्यायचं नाही. तिनं रेघ ओलांडायची नाही, तशीच गावानंही.

पण तिची साळी गाभण होती. दिवस भरत आले होते. भट्टीशेजारी व्याली असती तर एकही पिल्लू वाचलं नसतं. कोंडाक्का रेघेच्या आत उभी राहिली आणि ओढ्यापलीकडे हाक मारली, "भिवरे! माझ्या साळीला ठेवून घेशील?"

पलीकडून आवाज आला, "माझी कोंबडी खाल्ली ती हीच न्हवं?"

"हीच."

मग भिवरा ओरडली, "मंग धाड की इकडं! आदी पाण्यातनं पोहू दे तिला, अंग धुऊ दे!"

साळी ओढा पोहून गेली. भिवरानं तिला काठावरच घासून घासून धुतलं, आणि वेगळ्या गोठ्यात बांधलं. ती व्याली. भट्टीतून कोंडाक्काला पिल्लं दिसत नव्हती. रोज दिवस मावळायच्या आत ती हाक मारायची, "डोळं उघडलं का गं?" आणि भिवरा ओरडायची, "न्हाई अजून! तू तिकडंच मर!" एक दिवस उत्तर आलं, "उघडलं! काळ्याचा एक, बाकीच्यांचं दोन्ही!" तेव्हा कोंडाक्का भट्टीच्या तोंडात बसून लहान मुलीसारखी रडली.

भट्टीत आलेल्यातली निम्मी पिल्लं गेली. तिनं ती चुन्यात पुरली. निम्मी हळूहळू उठून पेज चाटायला लागली. पिल्लं उचलायला रोज रेघेच्या चुन्यात उभं राहून तिच्या पायांची साल गेली आणि पाय पांढरेफटक झाले.

मग शेवटी एक पिल्लू आलं. ते कुणाचं, कुणालाच माहीत नव्हतं. राखी रंगाचं, हाडं वर आलेलं. लख्ख ऊन पडलं होतं, पण त्याची सावली पडत नव्हती, असं म्हणतात. ते रेघेशी येऊन थांबलं आणि तिच्याकडे बघत राहिलं. ती साक्षात साथच होती. गाव धुंडून दमली होती, तिला आता शिरायला घर उरलं नव्हतं.

पेज द्यायला आलेला धुळा लांबूनच ओरडला, "आक्का, दगड घाल त्याच्या डोक्यात!"

"का?" कोंडाक्का म्हणाली. "ह्येबी आजारीच हाय."

तिनं रेघेवरून त्याला उचललं, डोळे पुसले, पेज पाजली, आणि मांडीवर घेऊन बसली. पिल्लू झोपलं. झोपेत त्यानं एकदा शेपूट हलवली. सकाळी तिच्या मांडीवर नुसती मूठभर राख होती, आणि त्या दिवसानंतर लांडगदऱ्यात एकही पिल्लू आजारी पडलं नाही, असं म्हणतात.

साळीची पिल्लं वर्षभरात डोंगराला भिडली आणि लांडगे खाली उतरायचे थांबले. त्यातला काळा कोंडाक्कानं स्वतः नेऊन धुळाच्या मेंढवाड्यात बांधला. पुढं भिवरा आणि कोंडाक्का म्हाताऱ्या होईपर्यंत रोज भांडल्या, पण एकाच अंगणात बसून.

आता माळावरच्या भट्ट्या ढासळल्या आहेत. तरी लांडगदऱ्यात कुत्री व्याली की घरची बाई दारापुढं चुन्याची रेघ ओढते. पाहुणा असो, सोयरा असो, तो रेघेबाहेर थांबतो. जनावरांचे डॉक्टर पिल्लांना लस टोचायला येतात, तेही आधी चुन्यात पाय घोळतात आणि हसतात. गावात त्या लशीला कोंडाक्काची लस म्हणतात. शेजारीण रेघेशी उभी राहून विचारते, "डोळं उघडलं का गं?" आतल्या बाईनं तिला एक शिवी हासडल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, अशी रीत आहे. शिवी जेवढी खणखणीत, तेवढी पिल्लं दांडगी होतात, असं म्हणतात.