कापूरवडीला झाकण जड झालं

कापराच्या डबीत लोक मिरे का टाकतात, सांगाल? कापूर उडू नये म्हणून, असंच तुम्ही म्हणाल. फार पूर्वी एका देवघरातल्या मिऱ्यांचीही तीच समजूत होती.

त्यांच्या डबीतल्या कापूरवडीला नवरात्रातल्या मोठ्या आरतीत मिरवायचं होतं. पण तोवर झाकणाखाली बसणं तिच्या जिवावर आलं. "अहो झाकणदादा, माझा सगळा वास तुम्ही माझ्याच अंगावर परत टाकता. मी कोण ते बाहेर कळायचं कसं?"

झाकण म्हणालं, "अगं, तुझ्यातून जेवढं उडतं तेवढंच परत तुझ्यावर येऊन बसतं, म्हणून तर तू आहेस तेवढी राहतेस. वाट उघडी मिळाली, तर गेलेलं परतणार नाही."

"ऐका, पत्र्याचं शहाणपण!" मिरे हसले. "ताई, राखणीला आम्ही आहोत ना! खुशाल मोकळी हवा घ्या." घरच्या वेणूकाकूंनी डबी पुसायला उघडली, तेवढ्यात एक मिरा काठावर चढून बसला. वेणूकाकूंनी घाईत झाकण लावलं, ते तिरकंच राहिलं.

देवघर घमघमलं. घंटा म्हणाली, "वा, काय दरवळ!" वडी फुलून गेली. दिवसेंदिवस अंग हलकं वाटू लागलं, तशी ती म्हणाली, "कौतुकानं जीव कसा हलका होतो, नाही?"

आरतीच्या आदल्या संध्याकाळी मिरे ऐटीत म्हणाले, "ताई, डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. एक मुंगी आत येऊ दिली नाही."

"उपकार झाले हो," वडीचा आवाज फार बारीक आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणूकाकूंनी डबी उघडली, तेव्हा आत नुसते मिरे होते. आरती तुपाच्या वातीवर झाली.