ओंजळीचा झिरा

वाघदऱ्याच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत एक काळा कातळ लागतो. त्याच्या पोटातून पाणी झिरपतं आणि खाली खडकातल्याच एका कुंडीत साठतं. कुंडीशेजारी एक मोठा रांजण पालथा पडलेला आहे. त्याच्या बुडाला भोक आहे, अंगावर शेवाळ आहे, आणि कोणी तो जागचा हलवत नाही. पाहुणे हे बघायला येतात, फोटो काढतात आणि जाताना वेफर्सची रिकामी पाकिटं कातळाच्या कपारीत कोंबून जातात. एकाने तर कुंडीच्या काठावर गुटख्याची पिंक टाकली होती. ख्रिस्तवस्तीतले सगळ्यांत वयस्क शमुवेलबाबा काठीने ती पाकिटं उकरत उकरतच गोष्ट सांगतात, त्यामुळे त्यांच्या आवाजात पहिल्यापासून शिसारी असते. "घाण करायची तेवढी केलीत, आता घाणीचीच गोष्ट ऐका," असं म्हणून ते सुरुवात करतात.

गोष्ट फार जुनी, शलोमीबाईची. वस्तीने नुकताच कुठे बाप्तिस्मा घेतला होता आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. गावच्या विहिरीवर या लोकांना आधीच कोणी फिरकू देत नव्हतं, आता ती विहीरही आटली. तेव्हा सगळी वस्ती डोंगरावर जाऊन गुडघे टेकून बसली आणि कातळाला पाझर फुटला, असं सांगतात. रात्रभर पाणी ठिबकायचं, पहाटे कुंडी भरलेली असायची आणि उन्हं वर आली की नुसती ओल उरायची. पाळकांनी, म्हणजे वस्तीच्या धर्मगुरूंनी, रीत घालून दिली. तांबडं फुटताना सगळ्यांनी वर यायचं, गाणं म्हणायचं, प्रार्थना करायची आणि आपल्या घराला त्या दिवसापुरतं पाणी घेऊन उतरायचं. उद्याचं उद्या. कुंडी कोणालाच कधी कमी पडली नाही, म्हणे.

शलोमीबाईला हे 'उद्याचं उद्या' काही पचेना. पाझर फुटायच्या आदल्या उन्हाळ्यात तिचा नवरा पाण्याच्या शोधात गेला आणि वाटेतच तहानेने मेला. तो निघाला तेव्हापासून ही घरी हात जोडून बसली होती. त्यानंतर तिने देव सोडला नाही, पण त्याच्यावर भरवसा टाकायचं सोडलं. पाटलाशी लोक वागतात तशी ती देवाशी वागू लागली. समोर आला की मान लववायची, एरवी त्याच्या वाटेला जायचं नाही. आठवड्याची सगळी प्रार्थना ती रविवारी एका बैठकीत उरकायची. सोमवारचं मागणं, मंगळवारचं मागणं, असं करत शनिवारपर्यंतचं गाठोडं देवापुढे टाकायची, आमेन म्हणायची आणि पुढच्या रविवारपर्यंत मोकळी व्हायची. कोणी हटकलं तर म्हणायची, "रोज रोज काय त्येच्या दारात उभं ऱ्हायाचं? त्येला बी कटाळा येत असंल."

त्यात तिला किळस फार. वस्तीच्या टोकाला भागाबाई राहायची. मेलेली ढोरं ओढायची आणि कातडी सोलायची, हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम, आणि बाप्तिस्मा झाला तरी पोट त्यावरच चालत होतं. तिच्या हातांना ओल्या कातड्याचा वास यायचा, नखांत काळं बसलेलं असायचं, बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. तिने कुंडीत हात घातला की शलोमीबाईला मळमळायचं. दोघींच्या डोक्यावर पाणी एकाच तांब्यातून पडलं होतं, पण नाक काही बदललं नव्हतं. इथे शमुवेलबाबांचं तोंड कडू होतं. "गाव आमचा विटाळ धरतं म्हणून गळे काढायचे, आणि आम्ही भागाबाईचा धरायचा. थूत् असल्या भक्तीवर," असं म्हणून ते काठी आपटतात.

तर शलोमीबाईने आपल्यापुरती तोड काढली. कोंबडा आरवायच्या आधी ती एकटीच डोंगर चढायची, नितळ पाण्याचे हंडे भरून आणायची आणि गोठ्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणात ओतायची. वर फडकं, फडक्यावर सपाट दगड. भागाबाईचा हात लागायच्या आधीचं पाणी, आणि उद्याची धास्ती नको म्हणून परवाचंही पाणी.

इकडे कुंडी कमी पडू लागली. मागून येणाऱ्यांच्या वाट्याला गाळ येऊ लागला, आणि सगळ्यांच्या मागे भागाबाईच असायची, कारण तिच्या आधी भरून घ्यायची घाई एकट्या शलोमीबाईला नव्हती. भागाबाई फडकं कुंडीच्या तळाशी दाबायची, पिळायची, आणि मिळेल ते मडक्यात घेऊन निमूट उतरायची. पाणी का घटलं, हे कोणाला कळेना. शलोमीबाईला कळत होतं आणि ती गप्प होती. रांजण काठोकाठ भरला तेव्हा तर ती वर जायचीच बंद झाली. ती थांबली तरी कुंडी काही पूर्वीसारखी भरेना. आता तिला कुंडी नको होती, गाणं नको होतं, रविवारचंही एवढं निकडीचं वाटत नव्हतं. पहाटे डोंगरावरून गाण्याचे सूर यायचे तेव्हा ती वाकळ डोक्यावरून ओढून घ्यायची. नवरा गेल्यापासून इतकी निर्धास्त झोप तिला लागली नव्हती.

तिचा मुलगा आणि सून दुष्काळी कामावर खडी फोडायला लांब गेले होते. त्यांची तान्ही रिबका आजीजवळ होती. एका दिवशी ऊन चढता चढता पोरीला ओकाऱ्या आणि हगवण लागली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, ओठ वाळले, रडायचं त्राण राहिलं नाही. शलोमीबाई घाबरली नाही. आपलं पाणी आपल्या घरात आहे, असं म्हणत ती गोठ्यात गेली आणि तिने रांजणावरचा दगड सरकवला.

आतून जो वास आला त्याने ती मागच्या मागे बसली. ढोर सडल्यावर येतो तसा तो वास होता. पाणी पेजेसारखं दाट झालं होतं, वर तवंग धरला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आत उंदीर मेलेला नव्हता, पाल पडलेली नव्हती. आदल्या सांजेपर्यंत नितळ असलेलं पाणीच एका रात्रीत नासलं होतं, असं सांगतात. त्यात पदर बुडवून पिळावा म्हणून तिने हात घातला, तर अळ्या मनगटावर चढल्या. ती भडाभडा ओकली. भागाबाईच्या हाताचीसुद्धा तिला कधी इतकी किळस आली नव्हती, आणि हे तर तिने स्वतःच्या हाताने साठवलेलं होतं.

पोरीला खांद्यावर टाकून ती कुंडीकडे धावली. तिथे ओलही उरली नव्हती. मग ती दारोदार फिरली, पण कोणाच्या घरात घोटभर पाणी निघेना. का निघत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळी दारं संपली तेव्हा ती वस्तीच्या टोकाला आली. अंगणात कातडं वाळत होतं, त्यावर माशा घोंगावत होत्या.

"काय गं शलोमे, वाट चुकलीस?" भागाबाईने विचारलं.

"पानी हाय का? पोर जातीया माझी."

भागाबाईने आतून मडकं आणलं. तळाशी फडक्याने गाळलेलं पिवळसर पाणी होतं, तिचं दिवसभराचं. पोरीला भांड्यातून पिववेना, म्हणून तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि भेगाळलेल्या बोटांवरून थेंब थेंब तिच्या जिभेवर सोडू लागली. शलोमीबाई त्या नखांकडे बघत होती. आपण पोरीला हिसकावून घ्यावं असं तिला क्षणभर वाटलं, असंही सांगतात. मग भागाबाईने ओंजळ तिच्यापुढे धरली.

"तू बी घे. व्हटाला पापुद्रं आल्यात तुझ्या."

शलोमीबाईने तोंड फिरवलं. भागाबाईने ओंजळ खाली केली नाही. "अडलं तवाच आलीस माझ्याकडं," ती म्हणाली. "देवाकडं बी अशीच जातीस का गं?"

शलोमीबाईने तोंड पुन्हा ओंजळीकडे वळवलं. ती वाकली आणि प्याली. पाण्याला गाळाची चव होती आणि कातड्याचा वास होता. पोटातून उमळून आलं ते तिने दाबलं आणि घोट गिळला. दिवस कलेपर्यंत दोघी पोरीच्या तोंडात थेंब सोडत बसल्या. सांजेला पोर रडली, आणि रडताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा शलोमीबाईचा बांध फुटला.

"कुंडी मीच उपसत व्हते, भागे."

"ठावं हाय मला. तुझ्या हंड्यातनं सांडल्याली वल वाटंवर दिसायची."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलत व्हते की. रोज वर जाऊन त्येच्यासंगं बोलत व्हते," भागाबाई म्हणाली. "त्यो तुला आज ना उद्या धाडील म्हनून घोटभर पानी मागं ठेवत व्हते."

हे ऐकून शलोमीबाईला स्वतःची इतकी घाण वाटली की रांजणातलं पाणी तिला त्यापुढे बरं वाटलं. देवाने आपल्याला सोडलं असं ती समजून बसली होती, आणि तो रोज तिची सोय बघत होता, तीही कोणाच्या हातून!

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना नात पाठीशी बांधून तिने रात्रीतून उकरून, उपसून काढलेला तो रांजण डोंगरावर ओढत नेला. सगळी वस्ती जमली होती. सगळ्यांदेखत तिने आपलं पाप सांगितलं, दगड घालून रांजणाचं बूड फोडलं आणि तो पालथा घातला. लोक नाकाला पदर लावून मागे सरले. भागाबाई तेवढी पुढे आली. तिने कुंडीतून ओंजळ भरली आणि शलोमीबाई सगळ्यांसमोर त्या ओंजळीतून प्याली.

किळस काही एका दिवसात गेली नाही. शमुवेलबाबा हे मुद्दाम सांगतात, कारण ऐकणाऱ्यांना चटकन गोड झालेलं हवं असतं. ती रोज वर गेली, रोज त्या ओंजळीतून प्याली आणि रोज तिला मळमळलं. प्रार्थनेचंही तसंच. आठवड्याचं गाठोडं टाकायची सवय, त्यामुळे एका दिवसापुरतं काय बोलावं हे तिला सुचेना. पहिल्या दिवशी ती नुसतं "आले" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. पुढे कधीतरी त्यात नवऱ्याचं नाव आलं, मग शिव्या आल्या, मग रडणं आलं, आणि त्यानंतर ती देवाशी घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलू लागली. मळमळ कोणत्या दिवशी थांबली, ते तिलाही सांगता यायचं नाही. कुंडी पुन्हा सगळ्यांना पुरू लागली, म्हणे.

पुढे भागाबाई गेली. तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या पहाटे शलोमीबाई कुंडीशी आली आणि नुसती उभी राहिली. पाणी समोर होतं, पण स्वतःच्या हाताने घ्यायला तिचं मन होईना. तेव्हा मोठी झालेली रिबका पुढे झाली, तिने ओंजळ भरली आणि आजीच्या तोंडाशी नेली.

आजही वाघदऱ्याच्या ख्रिस्तवस्तीत दिवसाचा पहिला घोट कोणी स्वतःच्या हाताने पीत नाही. घरोघरी नळ आले, टाक्या आल्या, पण पहाटे लोक डोंगर चढतात, प्रार्थना करतात आणि शेजारी जो उभा असेल त्याच्या ओंजळीतून पितात. तो कोण आणि काय काम करतो, हे बघत नाहीत. आदल्या दिवशी भांडण झालं असेल तर मुद्दाम त्याच्याच शेजारी जाऊन उभं राहायचं, अशी रीत आहे.

गोष्ट संपली की शमुवेलबाबा काठी कातळाला टेकून ठेवतात, कुंडीशी वाकतात आणि पाकिटं उकरून मळलेले हात तसेच पाण्यात घालून ओंजळ भरतात. मग ती ओंजळ सगळ्यांत जवळच्या पाहुण्यापुढे धरतात. पाहुणा हसतो, नाक जरा आक्रसतो आणि पिशवीतली बाटली दाखवून म्हणतो, "आमच्याकडे आहे, बाबा." बाबा हात मागे घेत नाहीत. बोटांच्या फटींतून पाणी गळत राहतं.