धाकू मेस्ताची तिरकी मान

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझे गुडघे अजून कुरकुरायला जन्मलेही नव्हते तेव्हा, आमच्या तिरफळवाडीत धाकू मेस्त नावाचा सुतार होता. त्याची मान जन्मापासून डाव्या खांद्याकडे कललेली. तो देवापुढं उभा राहिला की देवाला वाटायचं, हा पुजाऱ्यालाच नमस्कार करतोय. हसू नका. तुमच्यात सरळ किती आहेत ते मला ठाऊक आहे.

पण चौपाखी छप्पर घालावं ते धाकूनंच. चारी बाजूंना उतरतं छप्पर. त्याच्या कोपऱ्यातून खाली येतो तो जाड कोनवासा आणि त्याला दोन्हीकडून येऊन टेकतात ते आखूड वासे. या आखूड वाशांचं तोंड कापणं, तिथंच सगळी मेख! एकीकडं छपराचा उतार, दुसरीकडं कोपऱ्याचा कल. करवत एकदमच दोन्हीकडं झुकायला हवी. बाकीचे सुतार एक तिरकेपणा धरायचे, की दुसरा निसटायचा. धाकू दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटायचा, वाशाच्या अंगावर कोळशानं एक रेघ मारायचा, पाठीवर दुसरी, आणि दोन्ही रेघा सांभाळत कापायचा. त्याच्या सांध्यात शिरायला गेलेली मुंगी वाट न सापडून घरी परतायची, असं म्हणतात.

शेजारच्या गावातल्या आवडीला हा धाकू आवडला. तिचा बाप सावळाराम मात्र भडकला. "ह्यो जेवूक बसलो काय शेजाऱ्याच्या ताटात बघता! मान सरळ करून ये, मगे माझा चेडू देतंय."

चेडू म्हणजे लेक; तिच्यासाठी धाकू गेला हाडं बसवणाऱ्या म्हातारीकडं. तिनं खोबरेल चोळलं, दोन्ही कान धरले, आणि कट्! त्या आवाजानं खाडीपलीकडचे बगळे उडाले, असं म्हणतात. मान ओळंब्यासारखी सरळ. सावळाराम खूश. लग्न ठरलं, तेही नव्या देवळाच्या मंडपात, ज्याचं छप्पर धाकूच घालत होता.

शेवटच्या कोपऱ्यातला एकच आखूड वासा राहिला होता. धाकूनं सरळ मानेनं तो कापला आणि लावून बघितला. फटीतून मांजर पिलांसकट गेली असती. दुसरा कापला. उतार जमला, कोपरा फसला. तिसरा कापला. कोपरा जमला, उतार फसला. आता लाकूड संपत आलं. गावकरी म्हणाले, छप्पर मिटल्याशिवाय मंडपात लग्न लागायचं नाही. सावळाराम म्हणाला, ज्याला छप्पर मिटवता येत नाही त्याला मी मुलगी द्यायचा नाही. सरळ माणसाची ही अशी दशा!

आवडी तडक देवळात आली. धाकू भुशात बसला होता.

"मान सरळ झाली, पण माणूस वाकडो झालो!" ती म्हणाली. "लाकूड कितीक उरला?"

"येकच वासो."

"मगे बस हंयसर."

"आणि बापूस तुझो?"

"तेका मी बघतंय."

तिनं त्याचे कान धरले, आणि कट्! बगळे पुन्हा उडाले. मान होती तिथं परत आली. धाकूनं डोळा मिटला, दोन रेघा मारल्या, करवत लावली. त्या दिवशी भुसासुद्धा तिरका पडला, असं म्हणतात. वासा असा बसला की कोनवाशालाच तो आपला फुटवा वाटला.

लग्नाला अंतरपाट दूर झाला. समोर पुन्हा तिरक्या मानेचा जावई बघून सावळाराम लालबुंद झाला. तेवढ्यात आवडीनं आपलीही मान त्याच बाजूला कलवली. झालं! आता दोघं एकमेकांना सरळच दिसत होती. लेकीचा तो थाट बघून सावळारामला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचीही मान कलली, असं म्हणतात.

तिरफळवाडीत आजही अंतरपाट दूर झाला की नवरानवरी माना कलवतात आणि त्यांच्यामागं अख्खा मंडप. शहरातून आलेला फोटोवाला घसा फोडतो, "मान सरळ! अहो, मान सरळ ठेवा!"

मग मागून कोणीतरी आजी ओरडते, "तूच कॅमेरो तिरको कर रे, झिला!"