पहिल्या खेपेला असंच वाटतं

माळावर अजून कुणाचा नांगर फिरला नव्हता, तेव्हाची ही हकिकत. तिथल्या किड्यांची सुईण होती गोमाबाई, म्हणजे गोम. तिला हातच इतके होते, की अनुभव किती हे कुणी विचारलंच नाही.

मार्गशीर्षात नाकतोडीचं पोट चांगलंच सुटलं. गोमाबाईने ते पाहिलं आणि लगेच डोहाळजेवण ठरवलं. गवताच्या पात्यांचा झोपाळा बांधला, कुर्डूच्या फुलांची वाडी भरली.

"अहो गोमाबाई, ही नुसती चरबी आहे," नाकतोडी म्हणाली. "उन्हाळ्यात गवत नसतं, तेव्हा पुरवून पुरवून वापरायची. अंडी धरतील ती आषाढात."

"पहिल्या खेपेला असंच वाटतं," गोमाबाई म्हणाली आणि बायकांनी गाणी सुरू केली.

उन्हाळ्यात ती चरबी झडली. आषाढात जमीन भिजली आणि वाळक्या नाकतोडीच्या पोटात खरोखरच अंडी भरली. धडपडत ती सुईणीच्या दारात आली. "गोमाबाई, दिवस भरलेत. जरा मऊ जागा दाखवा."

"तुझं डोहाळजेवण मार्गशीर्षातच झालं. म्हणजे तू केव्हाच बाळंत झालीस," गोमाबाई म्हणाली. "अंगावर मूठभर मांस नाही आणि म्हणे दिवस भरलेत! वाट सोड, मला घाई आहे."

नाकतोडीने तिथेच दारात माती उकरून अंडी घातली. गोमाबाई ती ओलांडून झोपाळ्याकडे धावली.

झोपाळ्यावर फुलांनी मढवलेला गलेलठ्ठ शेणकिडा बसला होता. "अहो, मी पुरुष आहे!" तो ओरडत होता.

"पहिल्या खेपेला असंच वाटतं," गोमाबाई म्हणाली.